वाचक विचारतात : ब्राझीलचं पाराती – सोन्याची वाट, उधाणाचे रस्ते आणि उसाची काशासा

ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या पाराती या छोट्या नगराबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न जोडले आहेत. काशासा या उसाच्या दारूबद्दल सगळ्यांत जास्त विचारणा झाली, म्हणून तिला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न (नाशिक) : पारातीला कुठे शहर म्हणतात, कुठे ‘म्युनिसिपालिटी’. मग तिच्या हद्दीत डोंगर, बेटं आणि जंगल कसं?

ब्राझीलमध्ये राज्याच्या खाली थेट ‘मुनिसिपियू’ येतो. आपल्यासारखे जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, ग्रामपंचायत असे थर तिथे नाहीत. एका मुनिसिपियूत मुख्य गाव, आसपासच्या वाड्या, शेतं, जंगल, बेटं असं सगळंच येतं. सगळ्यांसाठी एकच महापौर असतो, तो मतदारांनी थेट चार वर्षांसाठी निवडलेला; सोबत नगरसेवकांची एक सभा. १९८८च्या संविधानाने या मुनिसिपियूंना संघराज्याचे घटक म्हणूनच मान्यता दिली. देशभरात ते साडेपाच हजारांहून अधिक आहेत.

पाराती रिओ दि जानेरो राज्याच्या दक्षिण टोकाला, साओ पाउलो राज्याच्या सीमेला लागून आहे. क्षेत्र सुमारे ९२५ चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०२२च्या जनगणनेनुसार ४५ हजारांच्या घरात. छायाचित्रांत दिसणारा पांढऱ्या भिंतींचा, रंगीत चौकटींचा भाग म्हणजे नदीमुखाजवळचे मोजके रस्ते. बाकी बहुतेक हद्द सेरा दु मार या डोंगररांगेचा उतार, अटलांटिक जंगल आणि खाडीतल्या वस्त्यांची. बरेच प्रवासी जुनं गाव बघतात आणि पाराती बघितलं म्हणतात. मुनिसिपियूचा स्वभाव कळायला मात्र ती खाडी आणि तो डोंगर दोन्ही लागतात.

प्रश्न (पुणे) : सोन्याचा मार्ग पारातीतून का गेला, आणि पुढे तो का सुटला?

डोंगर चढायची वाट तिथे आधीपासून होती. गोइयाना आदिवासींची ही पायवाट किनाऱ्यावरून सेरा दु मार ओलांडून पाराइबा नदीच्या खोऱ्यात उतरत असे. पोर्तुगिजांनी तीच वापरली. त्यांची पहिली वस्ती पेरेके-आसू नदीपलीकडच्या टेकडीवर होती. १६४६ साली मारिया जाकोमे दि मेलू या जमीनदार बाईने दोन नद्यांमधली सपाट जागा गावासाठी दिली. तिच्या अटी दोन : देवमातेचं देऊळ बांधायचं आणि तिथल्या आदिवासींना त्रास द्यायचा नाही. गाव खाली सरकलं. १६६०मध्ये लोकांनी शेजारच्या आंग्रा दुस रेइसच्या अंमलाविरुद्ध बंड केलं आणि १६६७मध्ये पारातीला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला.

१६९०च्या दशकात आतल्या मिनास जेराइस भागात सोनं सापडलं आणि या वाटेला एकदम महत्त्व आलं. रिओहून माणसं आणि माल बोटीने पारातीला यायचे. तिथून खेचरांचे तांडे हजार मीटरहून उंच घाट चढून कुन्या, ग्वारातिंगेता करत मांतिकेरा डोंगर ओलांडायचे. परतीला सोनं यायचं. त्यावर पोर्तुगालच्या राजाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के. तो चुकवायला आडवाटांनी चोरटी वाहतूक होत असे, म्हणून घाटात तपासणी नाका होता. बंदराच्या रक्षणासाठी १७०३मध्ये किल्ला बांधला गेला. आज दिसणारी त्याची इमारत १८२२च्या पुनर्बांधणीची आहे.

वाटेतला कच्चा दुवा समुद्राचा होता. पारातीहून रिओकडे सोनं बोटीनेच न्यावं लागे आणि त्या टप्प्यात चाच्यांचं भय असे. १७१०-११मध्ये फ्रेंचांनी तर खुद्द रिओवर दोन स्वाऱ्या केल्या. रिओहून जमिनीवरूनच मिनासला जाणाऱ्या ‘नव्या मार्गा’चं काम त्याआधीच सुरू झालं होतं. तो जवळचा होता आणि समुद्रही टळत होता. जुनी वाट दुय्यम झाली.

तरी पाराती लगेच ओस पडलं नाही. दारू, मीठ, धान्य आणि गुलाम यांचा व्यापार चालू राहिला. एकोणिसाव्या शतकात पाराइबा खोऱ्यातली कॉफी याच घाटातून खेचरांवर लादून उतरू लागली. याच काळाची एक काळी बाजू आहे. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर कायद्याने बंदी आल्यावरही पाराती-मिरीं आणि आसपासच्या खाड्यांत ते चोरून उतरवले जात. माहितीपत्रकांत याला अर्धी ओळ मिळते. खरं तर गावाची श्रीमंती त्यावरच उभी होती.

मग रेल्वे आली. १८६४मध्ये ती खोऱ्यात बारा दु पिराईपर्यंत पोहोचली, १८७७पर्यंत रिओ आणि साओ पाउलो जोडले गेले. कॉफीला घाट उतरायची गरजच उरली नाही. १८८८मध्ये गुलामी संपली, मळे बसले, लोक निघून गेले. पुढची अनेक दशकं बाहेर जायला मुख्यतः बोटच होती. कुन्याकडून कच्चा रस्ता १९५०च्या दशकात आला, रिओ-सान्तुस महामार्ग १९७०च्या दशकात.

गाव जसंच्या तसं का राहिलं, याचं उत्तर याच रिकाम्या काळात आहे. जुनं पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसा नव्हता. महामार्ग येण्याआधी सरकारी संरक्षण मात्र पोहोचलं होतं : १९४५मध्ये राज्याचं, १९५८मध्ये केंद्राच्या वारसा खात्याचं, १९६६मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा. हा क्रम उलटा झाला असता, तर किनाऱ्यावर आज सिमेंटच्या इमारती असत्या.

प्रश्न (रत्नागिरी) : भरतीचं पाणी रस्त्यात येतं आणि घरात शिरत नाही, हे कसं जमवलं?

कोकणातल्या वाचकांना उधाण समजावून सांगायला नको. पारातीलाही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला मोठी भरती येते. तिथला भरती-ओहोटीतला फरक कोकणापेक्षा बराच कमी आहे, पण गावच समुद्रपातळीच्या जेमतेम वर असल्याने तेवढंही पुरतं.

रचना अशी आहे. रस्ता मधोमध खोलगट आणि दोन्ही कडांना चढता, म्हणजे रस्ता हाच गटार. पावसाचं पाणी मधून वाहत समुद्राकडे जातं, आणि उधाणात त्याच मार्गाने समुद्र आत येतो. घरांचे उंबरे आणि कडेच्या दगडी पट्ट्या रस्त्याच्या मध्यापेक्षा बऱ्याच उंच असतात. काही तास पाणी थांबतं, ओहोटीबरोबर कचरा घेऊन परत जातं. खेचरांचे तांडे रस्त्याने जायचे त्या काळात ही सफाई रोजच्या उपयोगाची होती.

फरसबंदी मोठ्या, गुळगुळीत पण वेड्यावाकड्या आकाराच्या दगडांची आहे. सिमेंटने जखडलेली नाही, म्हणून दगड हलला तर काढून पुन्हा बसवता येतो. अवजड वाहनांनी दगड खचतात आणि उतार बिघडून पाणी साचतं. म्हणून जुन्या भागाच्या तोंडाशी साखळ्या लावून गाड्या अडवल्या आहेत.

दोन गोष्टी एकत्र आल्या की हिशेब चुकतो : उधाण आणि डोंगरातला मोठा पाऊस. नदी फुगलेली, समुद्र चढलेला. मग पाण्याला बाहेर जायला वाटच राहत नाही. शिवाय समुद्राची पातळी वर सरकते आहे, तशी उंबऱ्यांची जुनी उंची कमी पडत जाणार. आम्हाला तरी या गावापुढचा सगळ्यांत गंभीर प्रश्न हाच वाटतो.

प्रश्न (मडगाव) : अशा दमट, खाऱ्या हवेत जुन्या भिंती कशा राखतात? आमच्याकडे चुन्याच्या भिंतीवर सिमेंट लावलं की पोपडे धरतात.

तिथेही हेच होतं. जुन्या भिंती दगड, माती आणि चुन्याच्या. आतल्या पडभिंती अनेकदा कुडाच्या. जमिनीतलं खारं पाणी भिंतीत वर चढतं. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल बाहेर पडून सुकते. वर सिमेंट किंवा प्लॅस्टिक रंग बसला की ओल कोंडते, मीठ मागच्या बाजूला स्फटिक होऊन फुगतं आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. लोक त्यावर आणखी सिमेंट मारतात, मग ओल आणखी वर चढते.

दुरुस्तीची पद्धत तुमच्या घरालाही चालेल. ओलीच्या रेषेच्या वर साधारण अर्धा मीटरपर्यंतचं सिमेंट खरवडून काढा. सांधे मोकळे करा आणि एक कोरडा हंगाम भिंत उघडी ठेवा. वर आलेलं मीठ कोरड्या ब्रशने झाडा. धुऊ नका, नाहीतर ते परत आत जिरतं. नंतर मुरवलेला एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू असा गिलावा, एका वेळी ८ ते १० मिलीमीटरच. प्रत्येक थर काही दिवस हलका ओलसर ठेवा. घाईने वाळवला की तडे जातात. शेवटी पातळ चुन्याचे तीन-चार हात. वाळू खाडीची असेल तर सगळी मेहनत वाया, कारण मीठ तुम्हीच भिंतीत भरता.

चर्चबद्दलही याच पत्रात विचारलं आहे. सांता रीता (१७२२) मुक्त झालेल्या मिश्रवंशीयांचं, रोझारियू (१७२५) गुलाम कृष्णवर्णीयांचं, दोरिस (१८००) गोऱ्या उच्चकुलीनांचं. मुख्य चर्च अनेकदा बांधून शेवटी १८७३मध्ये पुरं झालं. चार चर्च चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहेत, आणि समाजाची उतरंड त्या अंतरात स्पष्ट वाचता येते.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्या भागात ऊस आणि गुऱ्हाळं. पारातीची काशासा उसापासून नेमकी कशी करतात? ती रमच का?

रम बहुतेक वेळा मळीपासून होते. काशासाला ताजा उसाचा रसच लागतो. ब्राझीलच्या नियमाप्रमाणे तिच्यात मद्यार्क ३८ ते ४८ टक्के असावा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पारातीच्या परिसरात शंभराहून अधिक घाणे होते. गावाचं नाव ब्राझीलभर दारूचंच नाव म्हणून वापरलं जाई. ही दारू आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या खरेदीत चलन म्हणूनही चाले. आज मोजक्याच भट्ट्या उरल्या आहेत. २००७मध्ये पारातीच्या काशासाला भौगोलिक मानांकन मिळालं, ब्राझीलमधल्या काशासांत पहिलं.

*ऊस आणि रस.* पक्व ऊस हाताने तोडतात, पाचट न जाळता. तोडल्यापासून २४ तासांत तो चरकात जायला हवा. उशीर झाला की साखर फुटते, जिवाणू वाढतात आणि दारू आंबट होते. जुन्या घाण्यांचे चरक ओढ्यावरच्या पाणचक्कीने फिरत. लहान चरकावर टनाला साधारण ५०० ते ६०० लिटर रस निघतो. तो बारीक गाळून निवळू देतात. चिपाडाचा भुसा रसात राहिला तर भट्टीत करपून उग्र वास येतो आणि मिथेनॉलही वाढतं. गुऱ्हाळवाल्यांचं रस गाळण्याकडे जितकं लक्ष असतं, तितकंच इथेही लागतं.

*आंबवणं.* रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, १८ ते २२ असतो. स्वच्छ पाणी घालून तो १५च्या आसपास आणतात. गोडी जास्त राहिली तर किण्व (यीस्ट) अर्ध्यावर थांबतं. पारंपरिक विरजण मक्याचं पीठ, तांदळाचा कोंडा आणि लिंबाचा किंवा आंबट संत्र्याचा रस उसाच्या रसात कालवून करतात. ते तयार व्हायला आठवडाभर जातो. तापमान २८ ते ३२ अंश. ३५च्या वर गेलं की किण्व थकतं आणि व्हिनेगरचे जिवाणू मात करतात. सगळं बरोबर असेल तर २४ ते ३६ तासांत ब्रिक्स शून्यावर येतो, फेस बसतो, आणि ७ ते ९ टक्के मद्यार्काचा आंबवण तयार होतो. तो लगेच भट्टीवर चढवायचा, ठेवून द्यायचा नाही. तळाचं विरजण पुढच्या फेरीला वापरतात.

*भट्टी.* भांडं तांब्याचं, कारण तांबं गंधकाचे घाण वास धरून ठेवतं. आच मंद, जोरात लावली तर आंबवण उतू जाऊन थेट नळीत शिरतो. १,००० लिटर आंबवणातून पहिले सुमारे १५ लिटर ‘डोकं’ म्हणून बाजूला काढतात. आपल्याकडे पहिल्या धारेचं मोठं कौतुक आहे. प्रत्यक्षात अॅसिटाल्डिहाइड आणि एथिल अॅसिटेटसारखी डोकं धरणारी द्रव्यं याच धारेत सगळ्यांत दाट असतात. पुढचे १५० लिटरच्या आसपास ‘हृदय’, तीच काशासा. धारेतला मद्यार्क ४० टक्क्यांच्या खाली येऊ लागला की थांबवतात. उरलेल्या ‘शेपटी’त जड तेलकट अल्कोहोल येतात, चव ओल्या फडक्यासारखी होते. लोभाने शेपटी हृदयात मिसळली तर लिटर वाढतात, दारू बिघडते. नीट कापली तर टन उसाला शंभर लिटरच्या आसपास काशासा मिळते.

तांब्यावर धरलेला हिरवा कळंक हा वेगळा धोका. हंगामाच्या सुरुवातीला आणि सुट्टीनंतर भांडं आणि नळी लिंबाच्या पाण्याने धुऊन एक फेरी टाकून द्यावी लागते. नियमाप्रमाणे लिटरमागे तांबं ५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

ताजी काशासा तिखट असते, म्हणून काही महिने पोलादी टाकीत किंवा जेकितिबासारख्या रंग न सोडणाऱ्या लाकडात विसावू देतात. ‘मुरवलेली’ असं लेबल लावायचं तर निदान निम्मा माल ७०० लिटरपर्यंतच्या पिंपात वर्षभर राहिलेला असावा लागतो. पारातीची खासियत म्हणजे संत्र्याच्या जातीच्या फळझाडाची पानं भट्टीत घालून काढलेली, किंचित निळसर झाक असणारी काशासा.

लिटरभर काशासामागे सहा-आठ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे भट्टीतलं सांडपाणी, उरतं. ते पातळ करून उसाला देतात. ओढ्यात सोडलं तर मासे मरतात, हे साखरपट्ट्यातल्या वाचकांना माहीत आहेच.

गोव्याच्या फेणीशी नातं विचारलंय. काजूचं झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून गोव्यात आणलं, एवढं नातं खरं आहे. पद्धत मात्र वेगळी : फेणी बोंडाच्या रसाची, आणि आधी हुर्राक काढून पुन्हा गाळलेली, काशासा सहसा एकदाच गाळतात. हे सगळं माहितीसाठी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, आणि घरगुती भट्टीत डोकं कुठे संपतं हे मोजता आलं नाही तर जिवावर बेततं.

प्रश्न (मुंबई) : जर्मन लेखक थॉमस मान पारातीचे होते का?

ते नव्हेत, त्यांची आई. युलिया दा सिल्वा-ब्रून्स यांचा जन्म १८५१मध्ये पाराती परिसरात झाला. वडील जर्मनीतल्या ल्यूबेकहून आलेले मळेवाले, आई ब्राझिलियन. आई वारल्यावर युलियाला लहानपणीच ल्यूबेकला पाठवलं. हाइनरिख आणि थॉमस मान हे तिचे मुलगे. थॉमसना १९२९चं नोबेल मिळालं. २००३पासून भरणारा पारातीचा साहित्यमेळा या वारशातून निघालेला नाही, पण आता दोन्ही गोष्टी लोक एकत्रच सांगतात.

प्रश्न (ठाणे) : युनेस्कोच्या यादीत आल्यावर स्थानिकांचं काय झालं?

२०१९मध्ये पाराती आणि इल्या ग्रांदी हे बेट यांची एकत्र नोंद झाली, संस्कृती आणि निसर्ग दोन्हींसाठी. ब्राझीलचं हे पहिलं मिश्र वारसास्थळ. नोंदीत काइसारा हे मासेमारी-शेती करणारे किनारपट्टीचे लोक, ग्वारानी आदिवासी आणि किलोंबू, म्हणजे गुलामीत राहिलेल्यांच्या वंशजांच्या वस्त्या, यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

त्यांचा खरा झगडा मात्र महामार्गाबरोबर सुरू झाला. १९७०नंतर किनाऱ्याच्या जमिनीला भाव आला, बनावट कागदांनी जमिनी बळकावल्या गेल्या, कोळ्यांच्या वाड्यांकडे जाणारे रस्ते खाजगी फाटकांमागे गेले. काम्पिन्यू दा इंदिपेंदेन्सिया या किलोंबूने चिकाटीने लढून १९९९मध्ये जमिनीची सामूहिक मालकी मिळवली. ही जमीन कोणा एकाला विकता येत नाही, म्हणूनच ती टिकली. आमच्या मते पारातीच्या अलीकडच्या इतिहासातली सगळ्यांत मोलाची तारीख तीच.

संरक्षित जंगलाचाही काच आहे. पिढ्यान्‌पिढ्या फिरती शेती करणाऱ्याला घराच्या दुरुस्तीसाठी लाकूड तोडायलाही परवानगी लागते. जंगल राखलं त्यांनीच, आणि नियमही त्यांनाच आधी लागू झाले.

प्रश्न (बंगळूर) : जायचं असेल तर कधी आणि कसं?

रिओच्या मुख्य बसस्थानकावरून साधारण साडेचार तास, साओ पाउलोहून सहा. तिकिटावर ‘पाराती’ लिहिलं असलं तरी चालक ‘पाराची’ म्हणेल. मे ते सप्टेंबर कोरडा काळ. डिसेंबर ते मार्च मुसळधार पाऊस. महामार्गावर दरडी कोसळतात. एप्रिल २०२२च्या अतिवृष्टीत पोंता नेग्रा या वाडीत दरडीखाली एकाच घरातली माणसं गेली. पावसाचा इशारा असेल तर प्रवास पुढे ढकला.

ईस्टरनंतर पन्नास दिवसांनी येणारा पवित्र आत्म्याचा उत्सव पाहण्यासारखा आहे. लाल निशाणं, घरोघर फिरणारी गायकमंडळी, एका मुलाला ‘सम्राट’ करणं आणि सगळ्या गावाला जेवण. त्या दिवसांत राहायची सोय खूप आधी करा.

ब्राझीलहून परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो, म्हणून निघायच्या दोन-तीन आठवडे आधी घ्या. पायात सपाट, पाणी लागलं तरी चालतील अशी पादत्राणं हवीत. त्या दगडांवर टाचेच्या चपलांनी पाय मुरगळतोच. जुन्या सोन्याच्या वाटेचा दगडी तुकडा जंगलात आहे, पावसानंतर शेवाळाने निसरडा होतो. तिथे स्थानिक वाटाड्याबरोबरच जा. ओढ्यांजवळ बारीक काळी चावरी माशी असते. ती दिवसा चावते, चावा दोन-तीन दिवस सुजतो. घोटे झाकून घ्या आणि कीटकरोधक मलम दर काही तासांनी पुन्हा लावा, पाण्यात उतरलात तर बाहेर येताच.